लक्ष्मीपुरीतली वेलांटी: एका टेक्स्ट एडिटरचा बीटा निघतो तेव्हा

आमच्या टेक्स्ट एडिटरचा बीटा, म्हणजे पक्क्या आवृत्तीआधीची चाचणी आवृत्ती, शुक्रवारी संध्याकाळी काढायचा असं ठरलं होतं. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला कोल्हापुरातल्याच लक्ष्मीपुरीतून टायपिंगवाल्या काकूंचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट मुद्दा.

"अहो, काल तुमच्या पोरानं नवीन घालून दिलंय ना, त्यात वेलांटी चुकली की अख्खं अक्षर पळतंय. मला माझं जुनं परत द्या बघू."

"अख्खं अक्षर म्हणजे?"

"म्हणजे अख्खं! मला नुसती वेलांटी पुसायची होती. क्ष्मी गायब. राहिला एकटा ल."

त्या फोनपासून बीटा खरोखर बाहेर पडेपर्यंत बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत काय बिघडलेलं सापडलं, काय दुरुस्त केलं आणि कशावर चक्क पाणी सोडलं, त्याची ही नोंद. छोट्या टीमला, त्यातही मराठी मजकुराशी संबंधित सॉफ्टवेअर करणाऱ्यांना, यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

काय काढायचं होतं

आम्ही तिघं आहोत. राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसतो. एडिटर अगदी साधा: ठळक-तिरपं काही नाही, रंग नाहीत, तक्ते नाहीत. मजकूर उघडायचा, शोधायचा, बदलायचा, सेव्ह करायचा. प्रोग्रामरांसाठी एडिटरांची कमतरता कधीच नव्हती. विम १९९१ पासून आहे, जीएनयू ईमॅक्स त्याच्याही आधीपासून. आमचं गिऱ्हाईक निराळं. वकिलांचे मसुदे टाइप करणारे, प्रेसला मजकूर देणारे, दूध संस्थेचे सचिव, हस्तलिखितं उतरवून घेणारे विद्यार्थी. या लोकांना मोठ्या मराठी फायली पटकन उघडून हव्या असतात आणि शब्द शोधला की तो सापडायला हवा असतो. बास.

नववा बीटा उन्हाळ्यात गेला होता. दहाव्यात तीन कामं होती. पहिलं, शोध सुधारायचा. दुसरं, सेव्ह करताना लाईट गेली तरी फाइल शाबूत राहिली पाहिजे. तिसरं, युनिकोडची (जगभरच्या लिप्या संगणकात कशा मांडायच्या ते ठरवणारं मानक) लायब्ररी, म्हणजे आयता तयार कोड, नव्या आवृत्तीवर न्यायची. यादीत नसलेलं चौथं काम आमच्यातल्या धाकट्यानं परस्पर केलं होतं: कोडची साफसफाई. धाकटा हुशार आहे, हात चालतो, आणि अडगळ दिसली की त्याला राहवत नाही.

जाहीर करण्याच्या दोन दिवस आधी आम्ही बिल्ड, म्हणजे तयार झालेला प्रोग्राम, तीन जागी बसवून येतो. एक काकू. दुसरे महाद्वार रोडच्या मागच्या बोळातले प्रेसवाले काका. तिसरे शिरोळ तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव. तिघांपैकी कोणीही 'बग' हा शब्द वापरत नाही. काका म्हणतात, "भावा, हे बसलंय बघ." म्हणजे अडकलंय.

क्ष्मी कुठं गेली

'लक्ष्मीपुरी' हा शब्दच घेऊ. डोळ्यानं वाचला तर अक्षरं चार: ल, क्ष्मी, पु, री. संगणक मात्र तो अकरा कोडपॉइंटांत, म्हणजे युनिकोडनं क्रमांक दिलेल्या सुट्या खुणांत, साठवतो: ल, क, हलंत, ष, हलंत, म, दीर्घ वेलांटी, प, उकार, र, आणि पुन्हा वेलांटी. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणून फाइलीत ३३ बाइट. चार आणि अकरा यांच्या मधे आणखी एक हिशेब असतो. बाण दाबल्यावर कर्सर कुठं थांबावा, यासाठी युनिकोडनं ठरवलेल्या गटांचा. त्याला ग्राफीम क्लस्टर म्हणतात. जुन्या नियमानं हे गट सहा पडायचे: ल, क्, ष्, मी, पु, री. म्हणजे क्ष्मी हे एकच अक्षर दिसत असलं तरी कर्सर त्याच्या पोटात दोनदा थांबायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं, कळ दाबली पण काही हललंच नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं आणि त्यात हा नियम बदलला. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांमध्ये हलंतानं जोडलेली व्यंजनं यापुढं तोडायची नाहीत. नव्या हिशेबानं लक्ष्मीपुरीचे गट चार. डोळ्याचं आणि यंत्राचं एकदाचं जुळलं. आम्ही लायब्ररी बदलली, कर्सर सुरेख चालायला लागला, आणि त्या आनंदात भडंग मागवलं गेलं.

घोळ झाला तो बॅकस्पेसवर. डिलीट आणि बॅकस्पेस या दोन कळा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत असं कोणालाही वाटेल. मराठीत तसं नाही. डिलीट समोरचं अख्खं अक्षर खाते, आणि ते बरोबरच आहे, कारण नुसतं व्यंजन खाऊन वेलांटी लोंबकळत ठेवण्यात अर्थ नाही. बॅकस्पेस मात्र शेवटी टाइप केलेली एकच खूण काढते. आपण अक्षर तुकड्यातुकड्यानं रचतो, तेव्हा चुकलं तर शेवटचा तुकडा काढून पुढं जाता आलं पाहिजे. भारतीय लिप्यांसाठी ही रीत वर्षानुवर्षं रुळलेली आहे. नवव्या बीटात आमच्याकडे त्यासाठी चार-पाच ओळींचा अपवाद होता. धाकट्यानं तो काढला. कमिटवर, म्हणजे बदलाच्या नोंदीवर, लिहिलं होतं: 'आता लायब्ररीच बरोबर करते, अपवाद नको.'

शोधायला बायसेक्ट, म्हणजे कुठल्या बदलापासून बिघडलं ते एकेक अर्धं गाळत शोधायची पद्धत, लावायचीही गरज पडली नाही. मी फोन ठेवला तेव्हा धाकट्याचा चेहराच सांगत होता. "दादा, ते मी काढलं." तो बदल मर्ज करणारं, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेणारं, नाव माझं होतं, त्यामुळे आवाज चढवायची सोय नव्हती. वाक्य वाचून मलाही पटलं होतं. लायब्ररी खरंच बरोबर करत होती. फक्त ज्या प्रश्नाचं उत्तर ती देत होती तो प्रश्न बॅकस्पेसचा नव्हता.

दुपारी आम्ही दोघं काकूंकडे गेलो. फोनवर ऐकणं वेगळं आणि शेजारी उभं राहून बोटांकडे बघणं वेगळं. काकू मुळात टाइपरायटरवर शिकलेल्या. मशीनवर चूक म्हणजे खोडरबर, कार्बनच्या प्रती, आणि साहेबांची नजर. त्यामुळे बॅकस्पेस या कळीवर त्यांचा फार जीव. आता त्या इन्स्क्रिप्टवर टाइप करतात. या मांडणीत ऱ्हस्व वेलांटी इंग्रजी 'एफ'च्या कळीवर आहे आणि दीर्घ वेलांटी तिच्या डोक्यावरच्या 'आर'वर. एकच बोट, एक रांग वर किंवा खाली. दिवसभरात हे बोट किती वेळा घसरत असेल ते सांगायला नको. घसरलं की काकू न बघता बॅकस्पेस मारतात आणि बरोबर वेलांटी देतात. या दोन कळांना मिळून एका निमिषाहून जास्त लागत नाही.

आमच्या नव्या बिल्डमध्ये मात्र ती बॅकस्पेस मारली की क, हलंत, ष, हलंत, म आणि वेलांटी, सगळं एका झटक्यात जायचं. आणि काकू स्क्रीनकडे बघत नसल्यामुळे दीर्घ वेलांटी थेट ल ला चिकटायची. त्यांनी आम्हाला त्या सकाळी टाइप केलेला कागद दाखवला. लक्ष्मीपुरीच्या जागी 'लीपुरी' झालं होतं. एका विक्रीच्या दस्तात मिळकतीचा पत्ता म्हणून.

"हे असंच रजिस्ट्रारकडे गेलं असतं तर?" काकू म्हणाल्या. धाकटा काही बोलला नाही. मीही नाही.

तपासण्या हिरव्या कशा राहिल्या

आमच्याकडे स्वयंचलित तपासण्या आहेत, आणि त्या सगळ्या पास होत होत्या. कारण पाहिल्यावर हसू आलं आणि मग लाज वाटली. लायब्ररी बदलली तेव्हा जुन्या तपासण्या फुटल्या. त्या दुरुस्त करताना 'अपेक्षित उत्तर' या रकान्यात काय घालायचं, ते धाकट्यानं नव्या लायब्ररीलाच विचारलं. म्हणजे पोरानं पेपर लिहिला आणि उत्तरपत्रिकाही त्याच्याकडूनच तयार करून घेतली. शंभर टक्के लागले नसते तरच नवल.

मग आम्ही काकूंच्या टेबलाशी बसून वहीत शब्द उतरवले. लक्ष्मीपुरी, उद्ध्वस्त, वाङ्मय, राष्ट्र, ऱ्हस्व, शेतकऱ्यांनी, ॲडव्होकेट, कुलमुखत्यारपत्र. प्रत्येक शब्दापुढं: शेवटून एक बॅकस्पेस मारली तर काय उरलं पाहिजे, दोन मारल्या तर काय, तीन मारल्या तर काय. उत्तर काकू द्यायच्या, मी लिहायचो. 'उद्ध्वस्त'पाशी त्या जरा थांबल्या, हवेत बोटं हलवली आणि म्हणाल्या, "तीन मारल्या तर उद्ध्व. स, हलंत, त, तिन्ही गेले." अगदी बरोबर. ती वही आता तपासण्यांचा भाग आहे, आणि अपेक्षित रकाना हातानं भरलेला असल्याशिवाय मर्ज होत नाही असा नियम आम्ही केला. अपवाद परत आला. कर्सरचे नवे चार गट तसेच ठेवले, कारण ते काकूंनाही आवडले होते. "बाणानं जाताना बरं वाटतंय हो, अडखळत नाही."

त्या संध्याकाळी तिघांत जो वाद झाला तो या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. धाकट्याचं म्हणणं: बीटा आहे, बीटात चुका असायच्याच, खाली लिहू 'ज्ञात त्रुटी' म्हणून आणि काढू उद्या. माझं म्हणणं: बीटा घेणारा माणूस आपल्याला परवानगी देतो, पण कशाची? एडिटर बंद पडावा, बटण चुकीच्या जागी असावं, मेनू अर्धवट असावा, याची देतो. त्याच्या मजकुरात त्याच्या नकळत बदल व्हावा, याची कोणी देत नाही. बंद पडलेला एडिटर तोंडावर सांगतो की मी बंद पडलो. 'लीपुरी' काहीच सांगत नाही, गुपचूप दस्तात जाऊन बसते. त्यामुळे आम्ही यादी नव्यानं पाडली. मजकुराला धक्का लावू शकणारं काहीही असेल तर बीटा थांबेल. बाकी कशासाठीही थांबणार नाही. तिसरा सहकारी फारसं बोलत नाही. त्यानं फक्त भिंतीवरच्या फळ्यावरचा शुक्रवार पुसला.

शोध: एकच शब्द, दोन पोटं

ही यादी डोळ्यासमोर ठेवून बाकीची दोन कामं पुन्हा पाहिली, तर शोधातही तोच रोग निघाला.

दूध संस्थेच्या सचिवांची तक्रार जुनी होती: इतिवृत्तात 'शेतकऱ्यांनी' शोधलं की काही सापडतात, काही नाहीत, आणि डोळ्यांना तर सगळे सारखेच दिसतात. कारण हा 'ऱ्य' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ मिळतो, मग हलंत, मग य. काही फोनेटिक कीबोर्ड मात्र साधा र, हलंत, आणि न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक घालतात, मग य. पडद्यावर तंतोतंत तेच चित्र. आत वेगळे कोडपॉइंट. संस्थेत एक कारकून इन्स्क्रिप्टवाला आणि एक मोबाइलवरून पाठवणारा, त्यामुळे एकाच फाइलीत दोन्ही.

ॲडव्होकेटची तर त्याहून मजा. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे. कोणी मधे जोडक घालायचं, कोणी घालायचं नाही, आणि कोणी ऍ वापरायचं. जुन्या फायलींत हे चारही प्रकार सुखानं नांदतात. युनिकोडचं ठरीव प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका साच्यात आणणं, इथं कामाला येत नाही, कारण त्याच्या लेखी हे प्रकार एकमेकांचे पर्याय नाहीतच. र खाली नुक्ता (टिंब) दिला तर त्याचा ऱ ते करून देतं, पण जोडकवाला र त्याला परका.

आम्ही शोधासाठी स्वतःची समानता-यादी केली: शोधताना हे सगळे एक मानायचे. ते चाललं. पण मूळ बेतात याच्या पुढची पायरी होती. फाइल सेव्ह करताना सगळे प्रकार एकाच रूपात आणून ठेवायचे, म्हणजे कायमची कटकट मिटली. ही कल्पना माझी होती आणि मला ती फार आवडली होती. नव्या यादीखाली ती टिकेना. माणसानं एक स्वल्पविराम बदलला आणि सेव्ह केलं, तर त्याच्या नकळत फाइलीत शंभर जागी बाइट बदलणार. दोन मसुदे ताडून बघणाऱ्या वकिलाला शंभर फरक दिसणार. आणि फायलीवर कोणी डिजिटल सही केलेली असेल तर ती मोडणार. मजकूर आमचा नाही. सुधारणा म्हणून सुद्धा आम्ही त्याला हात का लावावा? दोन आठवड्यांचं काम होतं. ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या शाखेत, आहे अजून. कोणी मागून घेतलं, 'होय, माझ्या फाइलीत बदल करा' असं स्वतः दाबून, तरच कधीतरी बाहेर येईल.

प्लग ओढून पाहिला

सेव्हच्या कामाबद्दल थोडक्यात. जुनी पद्धत म्हणजे आहे ती फाइल उघडून तिच्यावरच नवा मजकूर लिहायचा. मधेच लाईट गेली तर जुनंही गेलं, नवंही नाही. रूढ उपाय असा: शेजारी तात्पुरती फाइल लिहायची, पूर्ण झाली की तिला मूळ फाइलीचं नाव द्यायचं. आम्ही ते केलं होतं आणि खूश होतो.

तिसऱ्यानं, न बोलता, कोपऱ्यातला यूपीएस नसलेला जुना डेस्कटॉप चालू केला, काकूंच्या दस्ताची प्रत उघडली, कंट्रोल-एस दाबलं आणि भिंतीतला प्लग ओढला. पुन्हा चालू केल्यावर फाइल जागेवर, नाव बरोबर, आकारही बरोबर. आत मजकुराऐवजी शून्यं. नाव बदलल्याची नोंद डिस्कवर पोचली होती, मजकूर मात्र अजून मेमरीतच होता. नाव बदलण्याआधी 'आता खरोखर डिस्कवर उतरव' असं बजावण्याची एक ओळ राहिली होती. ती घातल्यावर त्यानं दिवसभर प्लग ओढायचा उद्योग केला. खालच्या झेरॉक्सवाल्यांनी वर येऊन विचारलं, फेज गेलाय का म्हणून.

एक कोपरा राहिलाच होता. विंडोजवर तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रामनं धरून ठेवलेली असेल तर नाव बदलणं फसू शकतं. तेव्हा आमचा एडिटर गप्प बसून पुन्हा प्रयत्न करायचा. आता तो स्पष्ट सांगतो की सेव्ह झालं नाही, आणि तात्पुरती फाइल कुठं आहे तेही सांगतो.

प्रेसवरची विंडोज ७

काकांचा फोन शुक्रवारी. बसलंय म्हणे. यावेळी बसलं नव्हतं, उठतच नव्हतं. एडिटर रस्ट भाषेत लिहिलेला आहे. लायब्ररी बदलताना आम्ही कंपायलरही, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम करणारं साधनही, ताजा घेतला होता. मे २०२४ च्या १.७८ आवृत्तीपासून रस्टच्या नेहमीच्या विंडोज बिल्डला किमान विंडोज १० लागते. काकांच्या प्रेसवर एक यंत्र विंडोज ७ वर आहे, कारण जुन्या फॉन्टांच्या फायली उघडणारं सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल, म्हणजे परवान्याची जोडायची किल्ली, फक्त तिथंच चालतो. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्येच थांबवला, हे काकांना सांगून उपयोग नाही. त्यांच्या लग्नपत्रिका तिथून निघतात.

यावर आम्ही फार डोकं घातलं नाही. या बीटापुरता कंपायलर मागच्या, १.७७ वर अडकवला आणि सूचनेत लिहिलं की विंडोज ७ साठी हा शेवटचा. काका म्हणाले, "शेवटचा तर शेवटचा. चालतोय तोवर चालतोय."

दहाचा आकडा नवापेक्षा लहान

एडिटर सुरू झाला की तो स्वतःच बघतो, नवी आवृत्ती आली आहे का. सोमवारी रंगीत तालीम म्हणून आम्ही नवव्या बीटावरच्या एका यंत्राला आतल्या आत दहावा बीटा दाखवला. यंत्र म्हणालं: 'तुमच्याकडे सर्वात नवी आवृत्ती आहे.'

कारण आमच्या नावात होतं. नाव दिलं होतं २.०.०-बीटा९, रोमन अक्षरांत अर्थातच, आणि मधे टिंब न देता. आवृत्त्यांची तुलना करण्याचा जो रूढ नियम आहे त्यात टिंबांमधला तुकडा निव्वळ आकड्यांचा असेल तरच तो आकडा म्हणून मोजतात. अक्षरं मिसळली की शब्दकोशासारखी तुलना: 'बीटा'ची चार रोमन अक्षरं सारखी, पाचव्या जागी इकडे ९ आणि तिकडे १. एक नवापेक्षा लहान. संपलं. बीटा.९ असं टिंब दिलं असतं तर बीटा.१० सरळ पुढं गेला असता.

चूक कळली तरी ती सुधारायची कुठं? तुलना करणारा कोड लोकांच्या यंत्रांत बसलेला. तिथं आमचा हात पोचत नाही. पोचण्याचा मार्गच तर बिघडलेला. टिंब देऊन बीटा.१० केलं तरी जमेना, कारण मग नुसता 'बीटा' हा 'बीटा९'च्या अलीकडे येतो.

संध्याकाळी काकूंकडे नवीन बिल्ड घालायला गेलो तेव्हा हे रडगाणं तिथं बसलेल्या वकिलांच्या कारकुनांनी ऐकलं. चहा ओतता ओतता म्हणाले, "सातबाऱ्याला पोटहिस्सा पाडतात तसं ९/अ करा की." धाकटा हसला आणि मग हसायचा थांबला, कारण ते तंतोतंत चालत होतं. बीटा९ नंतर 'ए' लावलं तर ते नवापेक्षा मोठं ठरतं. फक्त पुढं जन्मभर ९/ब, ९/क करत बसावं लागलं असतं. आम्ही शेवटी मधला आकडाच वाढवला: २.१.०-बीटा.१. हा कुठल्याही हिशेबानं मोठा. २.० ची पक्की आवृत्ती आता कधीच निघणार नाही. त्याबद्दल लोकांना काय वाटेल याची मला थोडी धास्ती होती. एकानंही विचारलं नाही.

तारीख

मंगळवारी सगळं तयार होतं. तरी पुढचा आठवडा आम्ही थांबलो, आणि हे धाकट्याला सर्वांत जड गेलं. पाऊस लागला होता. पंचगंगा चढत होती. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ ही धोक्याची. त्या दिवसांत कोल्हापुरात माणसं सकाळी उठल्यावर आधी हा आकडा विचारतात. २०१९ आणि २०२१ ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावायला लागत नाही. शिरोळचे सचिव संस्थेची दप्तरं वरच्या मजल्यावर चढवत होते. अशा वेळी त्यांच्या यंत्रात नवा बीटा आपोआप उतरवायचा, आणि काही बिघडलं तर त्यांनी फोन कोणाला, कधी करायचा? ज्या आठवड्यात वापरणाऱ्याला आपल्याकडे बघायला वेळ नाही, त्या आठवड्यात बीटा काढण्यात काय अर्थ? तपासणारेच नाहीत, तर बीटा कसला.

थांबलेल्या दिवसांत फुटकळ कामं उरकली. विंडोज अनोळखी प्रोग्राम उघडताना निळ्या चौकटीत अडवते, त्यावर काय दाबायचं याची चित्रांसह दोन ओळींची सूचना. डिजिटल सहीचं प्रमाणपत्र घ्यायचं तर जून २०२३ पासून त्याची किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते. टोकनचा खर्च आणि खटाटोप पुढच्या वर्षावर टाकला, आणि तोवर फाइल मधे बदललेली नाही हे ताडायला तिचा ६४ अक्षरी एसएचए-२५६ ठसा डाउनलोडशेजारी छापला. तो ताडून बघणारे किती असतील याबद्दल माझ्या मनात कसलाही भ्रम नाही.

पाणी उतरलं. पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला आवृत्तीवर टॅग (शिक्का) मारला. सकाळी मुद्दाम, म्हणजे फोन आला तर उचलायला आम्ही दिवसभर जागेवर. शुक्रवार संध्याकाळचा बेत मुळात कोणाचा होता ते आता कोणालाच आठवत नाही. सूचनेत सर्वांत वर नवी वैशिष्ट्यं न लिहिता तीन वाक्यं घातली: बॅकस्पेस पूर्वीसारखीच आहे, शोध आता ऱ्य आणि ॲ चे सगळे प्रकार पकडतो, तुमच्या फाइलीत आम्ही स्वतःहून काहीही बदलत नाही.

दुपारपर्यंत फोन नाही. तीनच्या सुमाराला सचिवांचा निरोप आला की 'शेतकऱ्यांनी' सगळे सापडले, आणि आता इतके सापडतायत की मोजायचे कसे. मोजणी पुढच्या बीटात टाकली. काकांकडून काही नाही, म्हणजे बसलं नाही.

संध्याकाळी धाकटा काकूंकडे गेला. काकूंनी त्याच्यासमोर लक्ष्मीपुरी टाइप केलं, मुद्दाम ऱ्हस्व वेलांटी देऊन, बॅकस्पेस मारली, दीर्घ दिली. मान हलवली. मग 'आमच्याविषयी' ही चौकट उघडून बघितली, जी आजवर कोणी उघडून बघितल्याचं आमच्या ऐकिवात नाही, आणि चष्मा वर करून म्हणाल्या, "आवृत्तीमधला अर्धा त राहून गेला रे. आवृती लिहिलंय."

ती चौकट मी लिहिलेली. पहिल्या बीटापासून तशीच आहे. पुढच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.